राजाचं पुढं काय झालं

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आईशप्पथ. एक जागा सोडून. ती कोणती ते शेवटी सांगतो, आत्ता सांगितली तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर टँकरची वाट बघत रोज तासभर उभं राहावं लागतं. रिकाम्या ड्रमाशेजारी उभ्या माणसाला दुसरा उद्योग काय? ड्रम भरत नाही, डोकं मात्र किश्शांनी भरत जातं.

*

आम्ही चौघं दर शुक्रवारी गुलमंडीजवळच्या जुन्या थेटरात जायचो. बँकेतले दिगूभाऊ, सलीमभाई टेलर, फुलंब्री रोडला शेती असलेला बाबासाहेब आणि मी.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. शहरात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. बाबासाहेबाच्या विहिरीला मात्र पाणी होतं. दर शुक्रवारी तो स्कूटरवर तीन कॅन बांधून आणायचा, आम्हा तिघांना एकेक. पायात एक, मागं दोन. कॅन स्टँडवर सोडून जायची हिंमत कोणात नव्हती, म्हणून ते आमच्याबरोबर बाल्कनीत.

डोअरकीपरनं पहिल्यांदा अडवलं. बाबासाहेबानं त्याची बाटली भरून दिली. तेव्हापासून तोच ओरडून सांगायचा, "जाने दो, कॅन को तिकट नै लगता!"

*

दिगूभाऊ कॅन दोन पायांत धरून पिक्चर बघायचे. पडद्यावर खून पडो नाहीतर लग्न लागो, गुडघे आवळलेले. इंटरव्हललाही उठायचे नाहीत. पण एकदा अगदीच नाइलाज झाला, तेव्हा कॅन उचलून तसेच मुतारीत गेले.

तिथला सफाईवाला घाबरला. म्हणाला, "साहेब, एवढं पाणी इथं टाकणार?"

"टाकायला नाही," दिगूभाऊ म्हणाले, "सोबतीला आणलंय."

*

त्याच उन्हाळ्यात एक कॉमेडी लागली. पोट धरून हसाल असं पोस्टरवर लिहिलेलं. हाउसफुल. गोष्ट लग्नघरातली. दर पाच मिनिटांनी कोणीतरी हौदात पडायचं, आणि शेवटी आगीच्या बंबाचा पाइप सुटून सगळी वरात भिजायची. चांगली दहा मिनिटं. घोडा भिजला, बँडवाले भिजले, नवरीचा बाप पाण्यात पोहत गेला.

थेटरात एकही माणूस हसला नाही. दहाव्याला बसल्यासारखी शांतता. तेवढ्यात खालून कुणा बाईचा कळवळलेला आवाज आला, "अगं बाई, खाली एखादी बादली तरी लावा की!"

बाहेर पडताना सलीमभाईंनी मत दिलं, "ये कॉमेडी नै है यार. चिढा रहे अपनेकू."

*

पुढच्या शुक्रवारी एक परदेशी पिक्चर लागला, हिंदीत आवाज भरलेला. काळा किल्ला, ऊन न पडणारं राज्य, आणि विहिरींत राहणारा सैतान. पाणी पाहिजे असेल तर एका हंड्यामागं त्याला आपलं काहीतरी द्यायचं. कोणी आवाज द्यायचा, कोणी सावली. पोरंसोरं भिऊन रडावीत असा सगळा कारभार.

आणि थेटर हसून हसून लोळत होतं. दिगूभाऊ म्हणाले, "नुसती सावली? स्वस्त आहे." मागून कोणीतरी सैतानाचा फोन नंबर मागितला. दुसरा म्हणाला, "टँकरवाल्यापेक्षा बरा. बोलावल्यावर येतो तरी."

बाबासाहेब तेवढा हसत नव्हता. त्या राज्यात एकच गोडी विहीर उरलेली असते, राजाची स्वतःची. सैतानाचा प्रधान राजापुढं कागद ठेवतो: विहीर दे, महाल घे. राजा लेखणी उचलतो, आणि इंटरव्हल.

*

समोसा बाबासाहेबाच्या हातात तसाच राहिला. म्हणाला, "माझ्याकडं बी रोज एका बिल्डरचा माणूस कागद घेऊन येतोय. आजूबाजूची समदी इकून मोकळी झाली. मी एकलाच राह्यलोय. बापानं सोता खांदलेली हीर हाय. तुमी शिकलेली माणसं, सांगा. इकू का ठिवू?"

सलीमभाई लगेच म्हणाले, "पानी है ना उसमें? फिर नक्को बेच, बाबा."

दिगूभाऊ कॅनवर हात ठेवून शांतपणे म्हणाले, "विकून टाक, बाबासाहेब. शहर येतंय ते थांबायचं नाही. आज मान देऊन मागतायत, उद्या विचारणार नाहीत."

बेल झाली, आम्ही आत गेलो. बाबासाहेब आत आला नाही. खाली जाऊन त्यानं स्कूटर काढली आणि गेला. त्या शुक्रवारचे कॅन शेवटचे.

*

दुसऱ्या अर्ध्यात राजाला महाल मिळतो. शंभर खोल्या, खोलीखोलीत सोन्याचे नळ. कुठलाही सोडला की वाळू येते. शेवटच्या सीनला राजा हंडा घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत असतो. कोणी हसलं नाही.

दिगूभाऊंना पिक्चर लांबला असं वाटलं. मी माझा कॅन उचलून जिना उतरलो.

*

बाबासाहेबाच्या शेतावर आता आमची कॉलनी आहे. विहिरीवर बिल्डरनं स्लॅब टाकलाय, त्यावर सिमेंटचं बाकडं. बाबासाहेब कॉलनीमागच्या दोन खोल्यांत राहतो. संध्याकाळी त्या बाकड्यावर येऊन बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी हटकून मला विचारतो, "माझा सिनिमा अर्धाच राह्यला. त्या राजाचं पुढं काय झालं रं?"

मी सांगतो, मजेत राहिला. महाल मिळाला, नळाला चोवीस तास पाणी. मागच्या खेपेला महालापुढं कारंजंही लावून दिलं. "मंग बरं झालं," असं म्हणून तो उठायचा.

परवा उठला नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, "तू सांगतो तसं असतं, तर तो सिनिमा बघाया कोण गेलं असतं?"

तेवढ्यात टँकर आला. तो बाकड्यावरून उठला आणि माझा ड्रम धरायला आला.

*

आता कबूल केलेली ती जागा. त्या इंटरव्हलला दिगूभाऊ बोललेच नव्हते. ते कॅन घेऊन मुतारीत गेले होते.

"विकून टाक" मी म्हणालो. या कोपऱ्याच्या प्लॉटचं माझं त्या कागदवाल्याशी आधीच बोलणं झालं होतं.