म्हशीच्या नावाचा पासवर्ड

आमचं घर किल्ल्याच्या अगदी पायथ्याला, त्यामुळं मोबाइलला रेंज म्हणाल तर तिची मर्जी. म्हणून परदेशातल्या लेकीनं वायफाय बसवून घेतलं आणि मला एक टॅब धाडला. बसवणाऱ्यानं विचारलं, "आजी, पासवर्ड काय ठेवू?" म्हटलं, "कशाला रे बाबा? आमच्या दाराला दिवसा कडी नसते." त्यानं तसंच उघडं ठेवलं.

मग काय, माझा ओटा भरायला लागला. गुलाबाच्या पॉलीहाऊसमधून सुटल्या की बाया घरी जायच्या आधी माझ्याकडं टेकायच्या. कुणी माहेरी बोलायची, कुणी मालिकेचा राहिलेला भाग बघायची. हे गेल्यापासून माळ्यावर पडलेलं चहाचं मोठं पातेलं मी खाली काढलं.

पण रविवारी किल्ला चढून उतरलेली पोरंही माझ्या भिंतीला पाठ लावून बसू लागली. अशात लेकीचा फोन आला, की तिचा चेहरा टॅबवर गोठायचा, तोंड उघडं ते उघडंच. ती म्हणाली, "आई, तुझं नेट कुणीही वापरतंय. हवेतून जाणारं सगळं उघडं आहे. त्याला कुलूप लाव, म्हणजे किल्ली असेल त्यालाच वाचता येईल."

एका दुपारी ती व्हिडिओवर सांगत गेली, मी बोट फिरवत गेले. वायफायच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी'पुढं 'नन', म्हणजे काहीच नाही, असं होतं, तिथं 'डब्ल्यूपीए टू' नावाचं कुलूप निवडलं.

"आता निदान आठ अक्षरांचा पासवर्ड दे. तुला आठवेल असा."

मी आमच्या गेलेल्या म्हशीचं नाव सांगितलं. ते पडलं छोटं, मग दोनदा घातलं. (नाव इथं लिहीत नाही, अजून तोच आहे.) आवाज तुटत होता, म्हणून टाकलेलं एकेक अक्षर तिला ओरडून सांगितलं. ओटा भरलेला! बाया हसून हसून लोळल्या. "मावशी, म्हस राखणीला बसवली व्हय!"

सेव्ह दाबलं आणि लेक बोलता बोलता गायब. बघते तर टॅब मलाच पासवर्ड विचारतोय. त्यालाही मी परकीच झाले होते! म्हशीचं नाव घातलं तशी लेक परत आली, इतकी स्वच्छ की तिच्या भांगातले पांढरे केस दिसले.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणी नाही. पुढंही नाही. शेवटी शेजारणीला घरासमोरच वाटेत गाठलं.

"का गं, रुसलात का माझ्यावर?"

"न्हाई वो मावशी. तुमी कुलूप लावलं न्हवं?"

"अगं, पण पासवर्ड तर सगळ्यांनी ऐकला!"

"ऐकला म्हनून काय झालं? तुमच्या दाराची किल्ली तुळशीमागं असती, समद्यास्नी ठाव हाय. तुमी वडगावला गेला की आमी उघडून शिरतो का?"

मी तिचा फोन हातातून घेतला आणि पासवर्ड मीच टाकून दिला. म्हटलं, बाकीच्यांनाही सांग, येत जा.

आता लेक नीट दिसते, पण तिला कामाची घाई, दोन शब्द बोलून फोन ठेवते. बायाही येतात. पण पहिल्यासारख्या चपला काढून सरळ बसत नाहीत. पायरीशी थांबून विचारतात, "मावशी, आज चालंल का?"

"अगं ये की," मी म्हणते. मग बसतात, बोलणं उरकतात, उठतात. चहा मी अजून मोठ्या पातेल्यातच टाकते. उरतो.