शिडाचा कासरा

दोरीतलं मला कळतं, असा माझा समज होता.

सूसला राहून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माणसानं मुळशीच्या पाण्यात शिडाची जुनी होडी कशाला ठेवावी, हे माझ्या बायकोला, शुभांगीला, कधीच पटलं नव्हतं. त्यातून दोनदा मी तिला नखशिखान्त भिजवून आणलं होतं. त्या रविवारी तिनं स्पष्टच सांगितलं, "आज भिजले, तर होडी विकायची."

मी कंबर कसली. वारा पाठीमागून असला की पुढं एक मोठं रंगीत शीड लावतात. त्याच्या खालच्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या. एक ओढायची, एक सैल सोडायची, सगळा खेळ त्यांचाच. त्या निवडायला मला तीन आठवडे लागले (लग्नाला होकार द्यायला एक कप चहा पुरला होता). शेवटी अंगठ्याएवढ्या जाड आणल्या, कप्प्यांतून ओवल्या आणि निसटू नयेत म्हणून टोकांना अशा गाठी मारल्या की मलाच माझं कौतुक वाटलं.

ज्यांच्या शेताच्या कडेला होडी असते त्या जनाकाकू बघत होत्या. तरुणपणी त्यांनी स्वतः बैलगाडी हाकलेली आहे.

"लई जाड हायेत की. वारं शीड उचलंल का दोऱ्या?"

"काकू, मजबुती महत्त्वाची."

"आन ही दोरी तारंच्या आतनं का घातलीया? कासरा बैलाच्या पायातनं घालत्यात व्हय?"

मी हसलो. (डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारेच्या बाहेरून दोरी न्यायची, हे व्हिडिओत सांगितलं होतं म्हणे. तो मी दुप्पट वेगानं पाहिला होता.)

शुभांगीला घेऊन काठापासून थोडं आत गेलो आणि शीड चढवलं. दोऱ्यांच्या वजनानं ते आधी ओल्या चादरीसारखं लोंबलं. मग वारा आला आणि ते भलतीकडेच फुगलं! दोरी तारेत अडकली, होडी कलली.

"सोडा की दोरी!" काठावरून काकू ओरडल्या.

सोडली. सुर्रकन गेली आणि माझ्या मजबूत गाठीपाशी, कप्पीत, गच्च बसली. मी ती दातांनी सोडवायला वाकलो आणि थेट पाण्यात गेलो. (जाकीट होतं, म्हणून हे लिहितोय.)

शुभांगीनं काकडी कापायला आणलेली सुरी काढली आणि शांतपणे दोरी कापली. होडी सरळ झाली. तिच्या ओढणीवर पाण्याचा थेंब नव्हता. होडीच्या कडेला लोंबकळतानाही मला तिचा फार अभिमान वाटला.

काठावर काकूंनी गोठ्यातली बारीक दोरी आणली, तारेच्या बाहेरून ओवली, टोकं मोकळी ठेवली. "बैल उधळला की कासरा सोडता आला पायजे. न्हाईतर त्यो मानसालाच वढून न्हेतो."

मग त्या दोघी निघाल्या. शीड असं टम्म फुगलं की मी ओल्या कपड्यांत टाळ्या वाजवल्या.

"मग, होडी विकायची?" परतल्यावर मी भीत भीत विचारलं.

"मी कुठं भिजले?" शुभांगी म्हणाली. "फक्त मघाशी होडीत वजन जरा जास्त होतं."

आता दर रविवारी त्या दोघी पाण्यावर असतात. मी काठावर बसून काकडीच्या चकत्या करतो. त्याही लई जाड होतात, असं काकूंचं म्हणणं आहे.