आत्याच्या परळातला दवबिंदू

दीड महिना झाला. अमडापूरला आमच्या घरी दादा दारात उभा राहून "आत्या गेली" एवढंच म्हणाला, आणि मला रडूही आलं नाही. मनात एकच... मी तिचं रोप मारलं होतं.

ते रोप म्हणजे दवबिंदू. बोटभर उंच, लालसर, पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की चिकटलंच, रोप ते पचवून टाकायचं. आत्याचे यजमान नागपूरच्या सरकारी जंगलखात्यात सोनाळ्याकडे नाकेदार होते. त्यांनी ते पाणथळीतल्या मातीसकट आणलं आणि दुसऱ्याच वर्षी तापाने ते गेले. हे रोप एका पावसाळ्याचं, बी सोडून वाळणारं. आत्या दरसाल ते बी मातीच्या परळात, पसरट थाळ्यात, पेरायची. वीस वर्षं तिने नवऱ्याच्या हातचं रोप असं चालवलं. कुणी मायेने शेणखत टाकायला गेलं की खेकसायची, "नोको देजो बाप्पा! ते आपलं पोट आपण भरते." तिचं गाव पूर्णेकाठचं, विहीर खारी. म्हणून रोपासाठी पावसाचं पाणी रांजणात वेगळं.

आश्विनात ती आजारी पडली, मी सेवेला गेले. खाऱ्या पाण्यात डाळ काही शिजेना. आत्याच्या घशाखाली घास उतरेना. मग मी शहाणीने रांजणातलं पाणी वरणाला घेतलं आणि रोपाला विहिरीचं घातलं. म्हटलं, चार दिवसांनी काय होतंय? पाचव्या दिवशी ते काळं पडलं. नुकती कुठे फुलं आली होती...

मी ढसाढसा रडले. आत्या म्हणाली, "काऊन रडून राह्यली वो? वरण लोण्यावानी शिजलं होतं. बी म्या आधीच काढून ठेवलं." उशाखालची पुडी काढून तिने माझ्या मुठीत दिली. तिला जरा बरं वाटलं म्हणून मी घरी परतले, आणि आठ दिवसांनी ती गेली.

चौदावा झाल्यावर मी तिचं परळ घरी आणलं, पुडी पेरली. लाल अंकुर दिसले तेव्हा अख्खं घर डोक्यावर घेतलं. वहिनी वाकून म्हणाली, "हा तं लाल माठ हाये वो."

रोप फुलावरच गेलं होतं, दवबिंदूचं बी नव्हतंच. आत्याला माहीत होतं.

माठ आता वीतभर झालाय. वहिनी रोज म्हणते, खुड, भाजी करू. मी खुडत नाही. आमची विहीर गोड आहे, माठाला तर कुठलंही पाणी चालतं. तरी मी त्याला अवकाळी सरीत पन्हाळीखाली धरून ठेवलेलं पावसाचंच पाणी घालते.