डाव्या सीटवरचे मास्तर

मास्तर कधीच कुणाच्या उजव्या बाजूला बसत नसत. चहाच्या हॉटेलातलं बाकडं असो, गल्लीतला कट्टा असो की माझ्या दुकानातली खोकी, ते आधी जागा बघत आणि डावीकडे सरकत. समोरच्या रस्त्यावर एखादी जीप जोरात वळली की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. मंगळवार पेठेत त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि मास्तर डाव्या सीटवर, पायाशी जादा ब्रेक घेऊन, असा त्यांचा सगळा जन्म गेला. लोक तोंडावर त्यांना मास्तर म्हणत आणि पाठीमागे डावे मास्तर. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती.

मी त्यांच्याकडे मोटार शिकलो नाही. मी गडहिंग्लजहून एक पिशवी घेऊन कोल्हापुरात आलो आणि स्वतःच्या जिवावर शाहूपुरीत जुन्या स्पेअर पार्टचं दुकान उभं केलं. माझा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. दुकानात दिवसभर माणसं असायची, पण बोलायला कुणी येत नसे, भांडायला येत. एकदा बोटीवर काम करणारा एक गोवेकर जीपचा गिअरबॉक्स मागायला आला आणि बदल्यात त्यानं परदेशातून आणलेली रिमोटची मोटार पुढे केली. वीतभर उंचीची, पांढरी, खरे शॉकअॅब्सॉर्बर लावलेली. दुपारभर घासाघीस करून मी वर चार्जरही काढून घेतला. सौदा मी मारला असं वाटलं होतं. पण गाडी चालवायला गेलो तर ती सरळ जाईना. उजवीकडे वळवावी तर डावीकडे वळे. कुणीतरी म्हणालं, "असला एक येडा आणि हाय गावात. रविवारी गुऱ्हाळाच्या मागं बघा."

ऐंशी साल उलटून गेलं होतं. गुऱ्हाळ बंद असलं की चिपाडं वाळवायची ती जागा मोकळी पडे. तिथे मातीच्या ढिगावर मास्तर उभे होते, हातात रिमोट, आणि खाली त्यांची गाडी धुरळा उडवत पळत होती. कुवेतच्या मेव्हण्यानं आणून दिलेली, माझ्या गाडीसारखीच पांढरी. मी लांबूनच माझा रिमोट काढला आणि बटण दाबलं. त्याबरोबर त्यांची गाडी पिसाळल्यासारखी फिरली आणि गुऱ्हाळाच्या भिंतीवर जाऊन आपटली.

"हवा कुणाची हाय न विचारता बटण दाबलं कुणी?" मास्तर ओरडले.

"कसली हवा? हवा काय तुमच्या बापाची हाय?" मीही ओरडलो.

"आत्ता या घटकेला माझ्या बापाचीच हाय, पावणं! इकडं या."

मग त्यांनी दोन्ही रिमोट उघडून दाखवले. आत नखाएवढा क्रिस्टल, त्यावर पिवळी खूण. गाडी कोणत्या लहरीवर ऐकणार हे त्या क्रिस्टलवर ठरतं. दोघांची खूण एकच, म्हणजे दोघांची हवा एकच. एकाचं बटण चालू असताना दुसऱ्यानं दाबलं की गाडी कुणाचंच ऐकत नाही. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. मैदानावर पाय ठेवला की नमस्कार नंतर, आधी विचारायचं, "हवा कुणाची?" चालवणारा म्हणे, "माझी." झालं की म्हणे, "हवा सोडली." मगच दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा.

गाडी लांब जाताना मला जमे. ती माझ्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होई आणि मी तिला टायरवर घाली. टायर माझ्याच दुकानातले, स्कूटरचे, अर्धे गाडून आम्ही वळणं केली होती. मास्तर डावीकडून म्हणत, "पावणं, गाडीत बसा."

"एवढ्या गाडीत कसं बसू?"

"मनानं बसा की! अंगानं बसायला तुमचं पोट कुठं मावतंय? सीटवर बसलाय, समोर काच हाय, असं धरा. मग उजवं ते उजवंच ऱ्हातंय."

ते शब्द मी शिव्यांसारखे ऐकले, पण महिन्याभरात गाडी वळायला लागली. एकदा मी विचारलं, इतक्या गाड्यांत जन्म काढून हे खेळणं कशाला? ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग बघितलं. हे एक माझ्या हातात हाय." बॅटरी चहा पिण्याएवढा वेळ चाले आणि परत भरायला जेवणाएवढा वेळ लागे. त्या वेळात आम्ही ढिगावर बसत असू. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी, एवढंच त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं. मीही माझ्याबद्दल फारसं सांगितलं नाही. तरी आठवडाभर मी त्या रविवाराची वाट बघत असे, हे खरं.

पण हवा एक असल्यामुळे आमची शर्यत कधी झालीच नाही. एक जण चालवी, दुसरा मनगटावरचं घड्याळ बघे. घड्याळाला हरवण्यात मजा नसते, घड्याळाचं तोंड पडत नाही. मला मास्तरांना हरवायचं होतं, शेजारी शेजारी, एका वेळी. मी गोवेकराच्या मागे लागलो. त्याला दोनदा शिव्या दिल्या आणि त्यानं लाल खुणेच्या क्रिस्टलची जोडी आणून दिली, एक रिमोटला, एक गाडीला. ती घेऊन मी मास्तरांकडे धावत गेलो. त्यांनी त्यातला एक बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "झकास हाय. खेळू की कधीतरी."

ते कधीतरी येईना. आज बॅटरी बसली, उद्या चाक डुगडुगतंय, परवा पाव्हणे येणार. त्याच उन्हाळ्यात त्यांनी ट्रेनिंग स्कूल बंद केलं. कारण विचारलं तर म्हणाले, "कटाळा आला." मधेच एकदा त्यांनी मला सांगितलं, "पावणं, तुमच्या गाडीला रंग द्या. लाल भडक."

"कशाला? रंग दिलेल्या मालाचा परत विकताना भाव पडतोय."

"ऱ्हाऊ दे मग."

पावसाळा सरला. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटणार होतं. मालकानं निरोप पाठवला, टायर काढून न्या. शेवटच्या रविवारी मास्तर पुन्हा काहीतरी सबब सांगायला लागले तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मास्तर, डावीकडं बसून शिकवायला सोप्पं असतंय. स्वतःवर येळ आली की पाय कापाय लागतात."

त्यांनी रिमोटमधली एरियलची काडी वर ओढली. मग म्हणाले, "लावा गाडी रेषेवर."

दोन गाड्या एकदम सुटल्या. पहिल्या वळणापर्यंत ते माझ्या पुढे होते. पलीकडच्या बाजूला धुरळ्यात गाड्या एकमेकींना घासून गेल्या आणि मी पुढे निघालो. मी एवढ्यानं ओरडलो की झाडावरचे कावळे उठले. शेजारी बघितलं तर मास्तर शांतपणे चालवत होते. प्रत्येक टायरला त्यांचा अंगठा वेळेवर वळत होता. पण त्यांची गाडी कुठे दिसेना. नीट बघितलं तर ती पलीकडे पाचटाच्या ढिगात तोंड खुपसून पडली होती आणि तिची चाकं नुसतीच फिरत होती.

"मास्तर, तुमची गाडी कुठं हाय?"

"ही काय, वळणावर आली की," ते म्हणाले. ते माझ्या गाडीकडे बघत होते.

मी माझं बटण सोडलं. गाडी थांबली. मास्तरांनी अंगठा पुढे दाबला, आणखी दाबला.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

मी पाचटाच्या ढिगाकडे जाऊन त्यांची गाडी बाहेर ओढली. त्यांना कळलं. त्यांनी रिमोट बंद केला, काडी खाली बसवली आणि म्हणाले, "तुमची गाडी बरी पळते, पावणं. मला वाटलं माझीच."

पुढच्याच महिन्यात ते मुलीकडे राहायला गेले, गडहिंग्लजला. मी जे गाव सोडून आलो त्याच गावात. मला निरोपही नाही. त्याचा राग धरून मी वर्षभर गेलो नाही. मग उन्हाळ्यात, गुऱ्हाळ बंद असताना, एक दिवस एसटीत बसलो आणि भांडायच्या तयारीनंच गेलो. मास्तर दारात खुर्चीवर होते. माझ्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मी बसायच्या आधीच सुरू केलं, "डोळ्यांचं मला का न्हाई सांगितलं?"

"रंग द्या म्हणालोतो की."

"पण कशासाठी ते सांगायला नको? सांगितलं असतं तर सगळी गाडी लाल केली असती!"

"तुमच्याकडनंच शिकलो, पावणं. गरज दाखवली की समोरचा भाव चढवतोय."

पण ते चुकीचं होतं आणि मला आजही त्यांचा राग येतो. माझ्यापाशी त्यांनी मागून बघायला हवं होतं. मी घासाघीस केली असती, हो, पण रंग दिला असता. खरी शर्यत झाली असती. त्यांनी मला न हरवता, माझ्याकडून न हरता, तशीच सोडून दिली.

मुलीनं चहा आणला. मास्तरांनी बशी दोन्ही हातांनी धरली आणि विचारलं, "आता कोण कोण येतंय मैदानावर?"

कुणीच येत नव्हतं. मीसुद्धा एकटा दोनचारदा जाऊन, चालवून, परत आलो होतो. पण तोंडातून निघालं, "येतात की. एक बँकेतला हाय. एक तालमीतला पैलवान, त्याच्या अंगठ्याखाली रिमोटच दिसत न्हाई. आणि एक कॉलेजातला, नवीन."

"नवीन?" मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "कसा चालवतोय?"

"घाई करतोय."

"वळणावर का सरळ रस्त्यावर?"

"वळणावर."

"त्याच्यावर ओरडू नका तुम्ही. वळणाच्या आधी बटण सोडाय सांगा, वळणात न्हाई. वळून झालं, नाक सरळ झालं, की मग दाबायचं." त्यांचा अंगठा हवेत हळूच पुढे गेला. "पुढच्या रविवारी आठवणीनं सांगा त्याला."

"सांगतो," मी म्हणालो.