आबांची गोळी आणि कौसाबाईंचं चालणं

केजच्या आमच्या दवाखान्यात गुरुवार म्हणजे शुगरवाल्यांचा दिवस. शुगर बघायची, ईसीजी काढायचा, गोळ्या समजावून सांगायच्या, ही माझी कामं. पेशंट घरी जातात, त्यांचे किस्से मात्र इथंच मुक्काम ठोकतात. फायलींपेक्षा त्यांचाच ढीग मोठा झालाय!

*

एक अप्पा, किराणा दुकानदार. तपासणी आली की आधी चार दिवस गोड बंद, गोळी वेळेवर, दोन वेळा फिरणं. पोरं परीक्षेच्या तोंडावर जागी होतात तसं! आकडा दरवेळी झकास. एकदा डॉक्टर मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी लिहून दिली. रिपोर्ट बघून अप्पांचा चेहरा उतरला.

"मॅडम, आजचं बघा की! मागचं कावून उकरून काढता?"

*

एका मावशींच्या महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांतच संपायच्या. शुगर काही हलेना. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "जावेलाबी शुगर हाय. एका चुलीवरचं खातो आमी. तिच्यासमोर एकटीनंच गोळी खायची, बरं दिसतं का?"

मी कपाळाला हात लावला. पुढच्या गुरुवारी जावेची वेगळी फाईल केली.

*

नेकनूरच्या आबांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. छातीत दुखून थोडक्यात वाचले होते. मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "आबा, शुगरनं हृदय कमजोर झालंय. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि हळूहळू का होईना, रोज चालायचं. हयगय केलीत, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही उरणार नाही."

त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, डोळ्याला पदर लावला. आबा हातातल्या चार गोळ्यांकडे बघत म्हणाले, "काळीज एक, अन् राखणीला चार?"

*

तीन महिन्यांनी दोघं आले. आबांची शुगर जशीच्या तशी, बीपी उलट वाढलेलं.

"रोज फिरतो, मॅडम! दुपारी घर सोडतो ते दिवस मावळल्यावरच परत!"

कौसाबाईंनाही बीपी होतं, म्हणून त्यांचंही तपासलं. वजन उतरलेलं, बीपी छान! मॅडम चकित. "कौसाबाई, काय केलंत तुम्ही?"

"काय करणार मी! हे गोळी न घेताच जातेत. कधी पारावर, कधी टपरीवर, कधी स्टँडवर बसून ऱ्हातेत. मी रोज गोळी अन् पाण्याची बाटली घेऊन गावभर हुडकत हिंडते!"

सगळे पेशंट खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. "अहो, हृदय त्यांचं सुधारायला हवं होतं."

कौसाबाईंनी पाण्याची बाटली पिशवीत कोंबली. आबांना मागं टाकून तरातरा बाहेर पडल्या.

*

पुढच्या खेपेला आबा जिना न थांबता चढले. शुगर उतरलेली, बीपी ताब्यात. मला इतका आनंद झाला!

"आबा, काय जादू केली?"

"जादू कसली, सिस्टर! हिनं चूलच हलवली. थोरल्या पोराच्या घरी, पार मळ्यात! दोन्ही टायमाला जेवाया तितं चालत जावं लागतंय. अन् गेलं की आधी हातावर गोळी, मग ताटात भाकर!"

"मग मोटरसायकलवर जायचं ना!" मी चिडवलं.

आबांनी बायकोकडे बोट दाखवलं. "किल्ली कुठंय, ते हिला ईचारा."

कौसाबाईंनी पदराची गाठ आणखी घट्ट केली.