आत्या ‘पार्टली’ म्हणाली नाही

माझी आत्या दुभाषी होती. एकाला इंग्रजी येत नाही आणि दुसऱ्याला फक्त इंग्रजीच येतं, अशा दोघांच्या मधल्या खुर्चीत बसायचं आणि इकडचं तिकडे करायचं, हा तिचा धंदा. “बाकीच्या इकडचं तिकडे करतात त्यांना लोक चहाडखोर म्हणतात, मला त्याचे पैसे मिळतात,” असं ती हसत सांगायची. अंगाने काडी, पण आवाज असा की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीशी यायची.

तिच्यापुढे कारण सांगणं म्हणजे वैताग होता. शाळेत असताना मी एकदा म्हटलं, “बस चुकली म्हणून उशीर झाला.” लगेच तिने विचारलं, “केवळ बस चुकली म्हणून? का मुख्यतः बस चुकली म्हणून आणि थोडंसं मैत्रिणीशी गप्पा छाटल्या म्हणून?” मग इंग्रजीचा धडा सुरू. ‘बिकॉज’च्या आधी एक इवलासा शब्द येतो आणि तोच कारणाचं वजन ठरवतो, असं ती सांगे. ‘ओन्ली’ म्हटलं की दुसऱ्या कारणाला जागाच नाही. ‘मेनली’ म्हटलं की बाकीची कारणं आहेत, पण मागे उभी. ‘पार्टली’ म्हटलं की हे कारण अर्धंमुर्धं, पोटात अजून काहीतरी आहे.

गावाबाहेर काचेच्या बाटल्यांचा कारखाना होता. तो परदेशातल्या एका माणसाने विकत घेतला, तेव्हापासून आत्याला तिथे अधूनमधून बोलावणं येई. एके दिवशी ते चौकशीसाठी आलं. पॅकिंगमध्ये एक बाई होती, तिच्या भरभर चालण्यामुळे सगळे तिला लगबगताई म्हणत. तिने लाल बटण दाबून सरकता पट्टा मध्येच थांबवला होता. मागून येणाऱ्या बाटल्या एकमेकींवर आदळल्या आणि काचांचा ढीग झाला. कामगारांचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी तिला काढून टाकायचं जवळजवळ ठरवलंच होतं. साहेबांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून नकोत म्हणून मालकाने बाहेरचा दुभाषी मागितला होता.

मोठ्या टेबलाच्या एका टोकाला मालक, दुसऱ्या टोकाला एप्रनची किनार मुठीत धरून लगबगताई. साहेबांनी गोड आवाजात विचारलं, “त्या दिवशी तुम्ही दमला होतात का हो?”

“दमले होते ना साहेब! उभं राहून पायात गोळे आले होते,” लगबगताई म्हणाली. “पण पट्टा थांबवला तो केवळ माझ्या शेजारी काम करणाऱ्या बाईची बाही पट्ट्याखालच्या फिरत्या रुळात ओढली गेली म्हणूनच. नाहीतर मी त्या बटणाला हात लावते होय?”

आत्याने सगळं इंग्रजीत सांगितलं. दमल्याचं सांगितलं, आणि बाहीपाशी आल्यावर ठणकावून ‘ओन्ली बिकॉज’ म्हणाली.

साहेब तिच्याकडे झुकले. “मॅडम, ‘पार्टली बिकॉज’ म्हणा. दमले होते हेही तीच म्हणाली ना?”

“म्हणाली. दमले म्हणून थांबवला, असं नाही म्हणाली.”

“अहो, एका शब्दाने असा काय फरक पडतो?”

“पडत नाही ना? मग माझाच राहू द्या.”

साहेबांचा आवाज खाली आला. “तुम्हाला इथे कोण बोलावतं, ते विसरू नका.”

मालकाने काय चाललंय म्हणून विचारलं. “काही नाही, जरा व्याकरणाचा मुद्दा,” साहेब हसून म्हणाले. पण खोलीत बोललेलं सगळं सांगायचं हा आत्याचा नियम. तिने ‘पार्टली’ म्हणा म्हटलेलं सांगितलं, एका शब्दाने काय फरक पडतो तेही सांगितलं, आणि कोण बोलावतं ते विसरू नका, हेसुद्धा शब्दाला शब्द सांगितलं. साहेबांचं तोंड फोडलेल्या कलिंगडासारखं लाल झालं.

मालकाने त्या शेजारणीला बोलवायला सांगितलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं! ती आली, बाही वर करून खरवडलेलं मनगट दाखवलं आणि म्हणाली, “ही नसती तर माझा हात कोपरापासून गेला असता.” लगबगताईची नोकरी राहिली. पुढच्या आठवड्यात रुळांवर लोखंडी जाळीही बसली.

आत्याची मात्र बोलावणी बंद झाली. तिने स्वतःच फोन लावला. साहेब म्हणाले, “सध्या कामच कमी आहे, म्हणून.”

“केवळ म्हणून, का मुख्यतः म्हणून?” आत्याने विचारलं. तिकडून फोन आपटला.

ही बाई भांडकुदळ आहे, अशी कुजबुज फिरली आणि आणखी दोन कचेऱ्यांची दारं लागली. माझी फी तिच्याच पैशातून जायची, त्यामुळे मला धडकी भरली होती. काका, म्हणजे आत्याचे यजमान, कुरकुरले, “कशाला नाकाने कांदे सोलायला गेलीस? एक शब्द फिरवला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?”

“तिच्यावर कोसळलं असतं,” आत्या म्हणाली. “मी जीभ भाड्याने देते. विकत नाही.”

त्यानंतरचे काही महिने ओढाताणीचे गेले. ती मुलांच्या शिकवण्या घेई, औषधांच्या डब्यातल्या सूचना मराठीत करून देई, आणि मान तशीच ताठ ठेवून बाजारात जाई. साहेब समोरून आले तर रस्ता तेच बदलत.

मग मोठ्या दवाखान्यातल्या मुख्य नर्सबाईंनी तिला बोलावून घेतलं. तिथे काही डॉक्टर परदेशातून येत. “तुम्ही शब्द बदलत नाही असं ऐकलंय,” नर्सबाई म्हणाल्या.

“वाईट अर्थानेच ऐकलं असेल.”

“हो. पण आम्हाला नेमक्या त्याच कारणासाठी तुम्ही हव्या आहात.”

पैसे कारखान्यापेक्षा कमी होते. आत्या दुसऱ्याच दिवशी रुजू झाली. पहिलाच रुग्ण एक म्हातारे गवंडी. गुडघा का दुखतो ते सांगताना पार लहानपणी झाडावरून पडल्यापासून सुरुवात केली त्यांनी. डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, “थोडक्यात सांगा.”

“पेशंट थोडक्यात आजारी नाहीये, डॉक्टर,” आत्या म्हणाली.

डॉक्टर आधी चिडले. मग खुर्ची ओढून बसले.