थांबवून ठेवलेला सामना

प्रा. दिनकर शेवाळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चिखलात पडलेल्या माणसांच्या ढिगाला रागावत होते. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या छोट्या खासगी कॉलेजात मी नुकतीच रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले होते. विभाग कुठे आहे ते शोधत मागच्या हिरवळीवर पोचले, तर कॅनव्हासची जाकिटं घातलेली वीस-बावीस मुलं एकमेकांवर पडलेली आणि त्यांच्या डोक्याशी काळा लांब कोट, गोल टोपी आणि हातात काठी अशा थाटात एक सावळे गृहस्थ उभे. सिनेमाचं शूटिंग चाललंय असं समजून मी इंग्रजीत रस्ता विचारला. त्यांनी माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत आले.

"कुठल्या तुम्ही?"

"नागपूरची."

"मग वाद घालता येत असेल."

"असं कोण म्हणतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"हे बघा, येतोच की," असं म्हणून सरांनी मला तिथल्या तिथे अंपायर नेमून टाकलं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे त्यांच्या दृष्टीने गौण होतं.

सरांचा आज पंचाहत्तरीनिमित्त गौरव होत आहे. गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांची योग्यता त्यांचे विद्यार्थी या ग्रंथात सांगतीलच. मी त्या जुन्या फुटबॉलबद्दल लिहिणार आहे, कारण सर मला जे कळले ते तिथे कळले.

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ, आणि त्याचा अवाढव्य खर्च आमच्यासारख्या कॉलेजांना झेपत नाही. एकदा ग्रंथालयाच्या जिन्यात सरांना दीडेकशे वर्षांपूर्वीचा एक फोटो दिसला. आमचं कॉलेज आणि नदीपलीकडचं कॉलेज यांचे खेळाडू एकमेकांना कमरेला, पायाला धरून उभे होते. सर वाळवा तालुक्यातले, तरुणपणी कबड्डी गाजवलेले. घरी येऊन त्यांनी पत्नीला, म्हणजे आमच्या नलूकाकूंना, सांगितलं, "अगं, हे लोक आपलाच खेळ खेळत होते, फक्त मध्ये चेंडू घालून." मग त्यांनी त्या काळचे नियम जमवले, धडका मारण्यासारखे जिवावरचे प्रकार काढून टाकले आणि दर शरद ऋतूत दोन कॉलेजांमध्ये जुन्या पद्धतीचा सामना सुरू केला.

जाकिटं शिवायला सर आणि नलूकाकू गाडी काढून थेट एडिसनला, आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे तिथे, गेले. तिथल्या ओक ट्री रोडवर शेरवान्या शिवणाऱ्या एका मास्तरांनी बावीस मापं पाहून विचारलं, "साहेब, बँडपार्टी आहे का? लग्न कुणाचं?" सर म्हणाले, "दोन कॉलेजांचं आहे, पण जमेल असं वाटत नाही." मास्तरांनी हौसेने प्रत्येक जाकिटाला आतून अस्तर लावलं आणि आमचे आडदांड खेळाडू अजून त्या अस्तराला नावं ठेवतात.

या खेळाचे दोन नियम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडलं की खेळ शिट्टीने थांबत नाही. तो स्वतः "डाऊन" म्हणतो, तेव्हा थांबतो, आणि चेंडू तिथेच ठेवून तिथूनच पुढची चाल सुरू होते. दुसरा नियम माझ्या कामाचा. प्रत्येक बाजूचा एक अंपायर असतो आणि तो वकिलासारखा आपल्या बाजूने दावा करतो. मधले रेफरी, म्हणजे सर, निर्णय देतात. दावा केला नाही तर काहीच मिळत नाही. अगदी जिंकलात तरी अंपायरने हात वर करून विजय मागावा लागतो. मी इतक्या वर्षांत, एक अपवाद वगळता, दावा सोडलेला नाही. पलीकडची मुलं मला पाहिलं की आधीच उसासा टाकतात, याचा मला अभिमान आहे.

तरुण मुलांना "डाऊन" म्हणणं जिवावर येतं. पाच जणांनी दाबून धरलेला असला तरी पठ्ठ्या ओठ मिटून पडून राहतो. सर अशा मुलाला बाजूला घेऊन आपला डावा गुडघा दाखवतात. गावच्या मैदानात त्यांना सात जणांनी धरलं होतं आणि सरांनी हट्टाने अंग सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हापासून तो गुडघा धड वाकत नाही. "धरलं की धरलं म्हणावं," सर सांगतात, "त्यात लाज कसली?" मुलं तेवढ्यापुरती माना डोलावतात.

सर आमच्या कॉलेजचे, तरी नदीपलीकडच्यांना रेफरी म्हणून तेच हवे असतात. याला कारण सुरुवातीच्या एका सामन्यातला प्रसंग. आमच्या मुलाने चेंडू रेषेपार नेला, मी हात वर करून गुण मागितले, बाकावर आमचे अध्यक्षही टाळ्या वाजवत उभे राहिले. सरांनी त्या मुलाला विचारलं, "तू मध्ये डाऊन म्हणालास का?" मुलगा खाली बघत म्हणाला, "हो, हळूच म्हणालो." गुण नाकारले गेले आणि आम्ही तो सामना हरलो. मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नलूकाकूंनी बटाटेवडे पाठवले, मग बोलले.

सरांच्या मायेचीही एक तऱ्हा आहे. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, मैदानाशेजारच्या पार्किंग लॉटमध्ये. दोन कचऱ्याच्या डब्यांमध्ये गाडी लावायला सांगायचे आणि शेजारी गप्प बसायचे. डबे मी किती वेळा पाडले असतील. शेवटी रडकुंडीला येऊन म्हटलं, "सर, काहीतरी सांगा ना." तेव्हा म्हणाले, "विचारलंत, आता सांगतो. आरशात बघा." तोवर त्यांनी ना चेहरा वाकडा केला, ना हँडब्रेकला हात लावला. परक्या देशात मी एकटी होते आणि माझ्यावर कुणीतरी इतका निवांत विश्वास ठेवत होतं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता गेल्या शरद ऋतूतली गोष्ट. नदीपलीकडचं कॉलेज त्या उन्हाळ्यात बंद पडलं. विद्यार्थी कमी झाले, पैसा संपला, इमारतींना कुलपं लागली. मुलं निरनिराळ्या कॉलेजांत पांगली, तिघं तर आमच्याकडेच आली. आमच्या कार्यालयाने सामना कॅन्सल केला. समोरचा संघच उरला नाही तर खेळणार कुणाशी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. सरांना तो पटला नाही. पलीकडचा कप्तान टायलर आपल्या गावी एका गोदामात काम करत होता. सरांनी त्याला फोन केला. तो म्हणाला, "प्रोफेसर, आमचं आता काहीच नाही." सर म्हणाले, "जाकिटं आहेत. ती माझ्या तळघरात आहेत." मग त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी सरांनी गाडी काढली आणि गावोगाव जाऊन मुलं गोळा केली. आमच्याकडे आलेली तिघं कुणाकडून खेळणार यावर मी अर्थातच वाद घातला आणि अर्थातच हरले.

सामना रंगला. बाकांवर पलीकडच्या कॉलेजचे जुने लोक दाटीवाटीने बसले होते. आपलं कॉलेज या नावाने ते बहुधा शेवटचेच जमले होते, आणि ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. दिवस कलल्यावर आम्ही थोड्या गुणांनी पुढे होतो. उजेड कमी झाला की सर टोपी काढून हातात घेतात. त्याचा अर्थ, ही शेवटची चाल. सरांनी टोपी काढली. टायलर चेंडू घेऊन निघाला आणि आमच्या रेषेच्या अलीकडे आमच्या मुलांनी त्याला धरला. सगळे त्याच्यावर कोसळले.

तो "डाऊन" म्हणेना. म्हटलं की सामना संपणार, आणि सामन्याबरोबर त्याचं कॉलेजही. आमची मुलं ढकलत होती, त्याची ओढत होती. मला त्याच्या खांद्याची भीती वाटायला लागली. तेव्हा सर काठीवर भार देत चिखलात गुडघ्यावर बसले. तो गुडघा इतका वाकलेला मी कधी पाहिला नव्हता. ढिगाखालच्या टायलरच्या कानाशी ते इंग्रजीत जे बोलले ते मी शेजारी असल्याने ऐकलं. "म्हण बाळा. जागा मी सांभाळतो."

थोड्या वेळाने खालून आवाज आला, "डाऊन."

सवयीने माझा हात अर्धा वर गेला. विजय आमचा होता, फक्त मागायचा होता. आमचा कप्तान निखिल, एडिसनमध्ये वाढलेला, मराठी समजणारा पण इंग्रजीतच उत्तर देणारा, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, डोन्ट. प्लीज." मी सरांकडे पाहिलं. ते पार्किंग लॉटमध्ये बसायचे तसेच, काहीही न सांगता, थांबले होते. मी हात कोटाच्या खिशात घातला.

सरांनी विचारलं, "कुणाचा दावा?" एकही हात वर गेला नाही. "दावा नाही, तर निकाल नाही," सर म्हणाले आणि चेंडू होता तिथे त्यांनी आपली काठी रोवली. "पुढच्या वर्षी इथून सुरुवात. चेंडू टायलरच्या संघाचा." टायलर चिखलात बसून रडत होता. निखिलने त्याला हात देऊन उठवलं. घरी परतताना सरांना काठीशिवाय चालता येईना, म्हणून एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने नलूकाकूंनी त्यांना धरलं. काकू म्हणाल्या, "काठी तरी आणायची होती." सर म्हणाले, "ती ड्युटीवर आहे."

पुढे काठीच्या जागी लोखंडी खुंटी ठोकली. गवत कापणारं यंत्र तिला वळसा घालून जातं, त्यामुळे तिथे हातभर गवत वाढलंय. पलीकडचं कॉलेज आता कुठेही अस्तित्वात नाही, पण त्यांचा संघ आहे, कारण त्यांचा सामना चालू आहे. टायलर दर महिन्याला फोन करून खुंटीची चौकशी करतो.

सर, हा सामना तुम्ही थांबवून ठेवला आहे आणि तो नेमका कुठे थांबला हे ठरवायचा अधिकार फक्त तुमचा. म्हणून मी तुमच्यासाठी निरोगी, दीर्घ आयुष्य मागते आहे, आणि हा माझा रीतसर दावा आहे. त्या गुडघ्याला रोज तेल लावा, काकूंचं ऐका आणि दर शरद ऋतूत टोपी घालून मैदानात या. निकालाची घाई करू नका. उजेड कमी होऊन तुम्ही टोपी काढलीत की मी हात खिशात घालीन.